रंगूबाईचं मुख्य घर

या, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलात ते पण या, भिंत काय पळून जात नाही. कीर्तनात मागं बसणाऱ्याला शब्द ऐकू येतात, पण बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू दिसत नाही, आणि निम्मी गोष्ट तिथंच असते. आज राजाची गोष्ट नाही, राक्षसाचीही नाही. एका म्हातारीला टीव्हीनं एक प्रश्न विचारला, त्याचं तिनं काय केलं, एवढंच सांगायचंय. घटका-अर्ध्या घटकेची गोष्ट आहे. कान तेवढे इकडं द्या.

इंदापूर तालुक्यात कळस आहे आणि अंथुर्णे आहे. कळसात रंगूबाईंचा थोरला मुलगा रामहरी राहतो. त्याची डाळिंबाची बाग. अंथुर्ण्यात धाकटा इंद्रजित. त्याचा ऊस. दहा वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली. भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं. विहिरीवरची मोटार आधी कुणी बंद केली, इथून सुरू झालं आणि बोलता बोलता बांधापर्यंत गेलं. रंगूबाईंचे यजमान, अप्पा, तोवर गेले होते, नाहीतर त्यांनी एका शिवीत दोघांना जेवायला बसवलं असतं.

वाटणीच्या दिवशी पंचांनी जमीन वाटली, जनावरं वाटली, भांडी वाटली, आणि शेवटी म्हातारीला विचारलं, "रंगूबाई, तुमी कुणाकडं ऱ्हानार?"

रंगूबाई म्हणाल्या, "दोघांकडं."

पंचांनाही घरी जायचं होतं. एक महिना कळस, एक महिना अंथुर्णे, असं ठरलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपार कलली की एक मुलगा आईला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत आणायचा, समोरून दुसरा यायचा. म्हातारी एका गाडीवरून उतरायची, दुसरीवर बसायची. गाड्या चालूच असायच्या. बोलणं औषधापुरतं.

"बीपीची गोळी सकाळची हाय."

"बरं."

असं नऊ वर्षं चाललं. रंगूबाईंनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या पिशवीत दोन लुगडी, एक पोथी, मोबाईल आणि गोळ्या. पिशवी त्यांनी कुठल्याच घरात खुंटीला टांगली नाही, उशाशी ठेवली.

आता टीव्हीचं सांगतो. रंगूबाईंना जुन्या संतपटांचं वेड. लग्नानंतर अप्पांनी त्यांना जत्रेतल्या तंबूत पहिला सिनेमा दाखवला होता, तो श्रीरंजन चित्र नावाच्या कंपनीचा होता. देव प्रकट झाला तेव्हा तंबूतल्या बाया उठून उभ्या राहिल्या होत्या आणि मागचे ओरडत होते, "ए, खाली बसा, आमाला पन देव बघू द्या." तेव्हापासून त्या कंपनीचा एकही संतपट रंगूबाईंनी सोडला नाही. आधी तंबूत, मग टीव्हीवर, मग सीडीवर. सीडीचं यंत्र बिघडलं आणि बारामतीच्या दुकानदारानं सांगितलं, हे आता कुणी दुरुस्त करत नाही. मोबाईलवर कुठं कुठं फुकट दिसायचे, तेही एक दिवस दिसेनासे झाले. कंपनीनं आपले सगळे चित्रपट सगळीकडून गोळा करून नेले आणि स्वतःच्या ॲपवर ठेवले. पाहायचे तर तिथं, नाहीतर आठवायचे.

रामहरीची मुलगी प्राची बारामतीला कॉलेजात. तिनं आजीला सत्तरावं लागलं तेव्हा आजीच्याच नावानं खातं उघडलं आणि बावीस चित्रपट विकत घेतले. 'कायमचे तुमचे' असं त्यावर लिहिलं होतं. घरात टीव्ही किती, या प्रश्नापुढं तिनं दोन लिहिलं. एक कळसात, एक अंथुर्ण्यात. तिच्या मनात काही शंका आली नाही. घर एकच की. चुली दोन झाल्या म्हणून सुतक फिटतं का? अंथुर्ण्यात कुणी गेलं तर कळसात दहा दिवस देवपूजा बंद असतेच.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी सात वाजता दोन्ही घरांत एकच चित्रपट लागायचा. फोन स्पीकरवर ठेवून थोरली सून जयवंता कळसातून म्हणायची, "एक, दोन, तीन, दाबा." तिकडं धाकटी सून रेश्मा दाबायची. तरी दोन-तीन सेकंदांचा फरक पडायचाच. कळसात देव आधी प्रकटायचा, अंथुर्ण्यात मागून. रामहरी फोनवर हसला की इंद्रजितला कळायचं, आता विनोद येतोय, आणि तो तोंड आवळून तयार बसायचा.

"आता बघ, सावकार पालथा पडतोय," रामहरी म्हणायचा.

"म्हायतीय," इंद्रजित म्हणायचा.

दोघा भावांचं आठवड्यातलं बोलणं एवढंच. पण ज्या घरात असतील तिथून रंगूबाईंना दुसऱ्या घराचं हसणं ऐकू यायचं. चित्रपटातला देव त्यांनी इतक्यांदा पाहिला होता की त्याच्याकडं त्या अर्ध्या लक्षानंच बघायच्या. बाकीचं लक्ष फोनकडं.

गेल्या वर्षी पावसाळा संपताना, महिन्याचा शेवटचा शनिवार होता. रंगूबाई अंथुर्ण्यात होत्या. जयवंतानं एक-दोन-तीन म्हटलं, रेश्मानं दाबलं, आणि पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली. रेश्मानं मोठ्यानं वाचली.

"हा टीव्ही तुमच्या मुख्य घराचा भाग नाही."

"कुणाच्या?" रंगूबाईंनी विचारलं.

"तुमच्या, आत्या."

"मी तर हितंच बसलीय."

"त्याला दिसत न्हाय ते."

तिकडं कळसात चित्रपट सुरू झाला होता. फोनमधून मृदंग वाजू लागला. अंथुर्ण्यातली माणसं काळ्या पडद्यासमोर बसून तो ऐकत राहिली. थोड्या वेळानं रामहरी हसला. इंद्रजितनं उठून फोन बंद केला.

"लोकाच्या घरचं काय ऐकायचं बसून," तो म्हणाला आणि बाहेर बैलांकडं गेला. एक बैल वाटणीत आला होता, एक त्यानं नंतर घेतला.

'लोकाच्या घरचं' हे तीन शब्दही नव्हते, दोनच. पण नऊ वर्षांत ते त्या घरात कुणी उच्चारले नव्हते. रंगूबाईंनी जेवताना भाकरी नेहमीएवढीच खाल्ली, फक्त भाजी मागून घेतली नाही.

प्राचीनं फोनवर समजावून सांगितलं. कंपनीनं नवा नियम काढलाय. एक खातं, एक घर. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मुख्य घर कोणतं ते सांगायचं, नाहीतर खातं बंद. एकदा सांगितलं की सहा महिने बदलता येत नाही.

सोमवारी रेश्मानं कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं सांगितलं की खातेदाराशीच बोलावं लागेल. रेश्मानं फोन सासूच्या हातात दिला.

"नमस्कार, मी सोनल बोलतेय. मी आपली काय मदत करू?"

"रामकृष्णहरी, सोनल. आगं, तुमचा टीव्ही म्हनतोय ह्ये माझं घर न्हाय."

"मॅडम, आपलं घर कळस, तालुका इंदापूर, असं दिसतंय."

"त्ये हायच की."

"मग अंथुर्णे?"

"त्ये बी हायच."

"मॅडम, आपण राहता कुठे?"

"ह्या म्हयन्यात हितं. शनवारपासनं तितं."

"म्हणजे आपण घर बदलताय?"

"न्हाय गं बाई. ल्योक दोन हायत. वाटून ऱ्हाती."

पलीकडं टकटक आवाज आला. "मॅडम, नियमाप्रमाणे घर म्हणजे एका छताखाली, एका इंटरनेटवर राहणारी माणसं."

"छतं दोन झाली. मानसं त्यीच हायत."

मग सोनलच्या तोंडी मॅडमची आजी झाली. "आजी, माझ्या पडद्यावर रकाना एकच आहे."

"बारीक अक्षरात दोन नावं न्हाय का बसत?"

"नाही हो बसत."

"आन् मी इकत घेतल्यात त्याचं काय? बावीस हायत. कायमचे म्हनून लिवलंय."

"तुम्ही चित्रपट नाही घेतले, आजी. बघायची परवानगी घेतलीत. ती कंपनीला बदलता येते. अटींमध्ये लिहिलंय ते, आणि तुम्ही 'मान्य' म्हटलंय."

"मी कशाला म्हनंन? प्राचीनं दाबलं आसंल."

"सगळेच दाबतात," सोनल म्हणाली. तिनं मग आजींचा दिवस चांगला जावो असं सांगितलं. तेही तिला सांगावंच लागत असणार. रंगूबाई म्हणाल्या, "तुजा बी जाऊ दे. जेवलीस का?" पण तोवर फोन संपला होता.

अंथुर्ण्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला अजित, रेश्माचा मावसभाऊ, मंगळवारी येऊन म्हणाला, "आज्जी, कशाला त्या कंपनीच्या पाया पडता? मी कुठनं तरी उतरवून देतो. फुकटात. दोन्ही घरी बघा."

"चोरून?"

"चोरून म्हंजी... सगळं जग तसंच बघतंय."

"आरं, देव प्रकटायचा हाय त्यात. चोरून आनलेला कसा प्रकटंल?"

अजितनं चहा प्यायला आणि गेला. जाताना रेश्माला म्हणाला की म्हातारीचं काही खरं नाही.

त्या आठवड्यात रामहरीचे तीन फोन आले. एरवी शनिवारचा सोडला तर महिन्याला एक यायचा. "आई, कळस टाक. अप्पांनी बांधलेलं घर हाय. तुजं लगीन होऊन तू त्या उंबऱ्यातनं आत आलीस. ह्यात इचार करन्यासारखं काय हाय?" मागून जयवंताचा आवाज, "म्हनावं थोरलं घर ते थोरलं घर. पयल्यापास्नं खातं बी हितलंच हाय."

बुधवारी इंद्रजितनं रिमोट कपाटात ठेवून दिला. रंगूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "टाक तुला काय टाकायचं त्ये. आमी पाव्हनं म्हनून ऱ्हाऊ."

"पाव्हनं कसं रं? घर तुजं हाय."

"माजं हाय व्हय? मग तुजं कुठलं, त्ये सांग की त्या बाईला."

रेश्मा चुलीशी होती. नवरा बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "आत्या, त्यांचं मनावर घेऊ नका. टीव्हीचा राग तुमच्यावर काढत्यात. मला बी आलाय राग. तुमची खाट हितं, तुमचं घोंगडं हितं, तुमच्या हातचं लोनचं हितल्या बरनीत. आन् त्यो डबा म्हनतोय तुमी हितल्या न्हाय."

रंगूबाईंना राग आलाच नव्हता. त्यांना भीती वाटत होती, आणि कशाची ते त्यांना नीट माहीत होतं. पंचांसमोर जो शब्द त्यांनी काढला नव्हता, तो काढायची वेळ आली होती. कळस म्हटलं की अंथुर्णे लोकाचं. अंथुर्णे म्हटलं की कळस लोकाचं. एकदा तोंडातून गेलेला शब्द सहा महिन्यांनी बदलता येतो हे कंपनीचं झालं. लेकरांचं तसं नसतं.

शनिवार उजाडला. बदलीचाच शनिवार. साडेचारला इंद्रजितनं आईला गाडीवर घेतलं. पोरसवदा असताना तो असाच अप्पांमागं बसून जायचा, आता आई त्याच्या मागं बसली होती. फाट्यावर मारुतीचं देऊळ आहे, पत्र्याचा सभामंडप असलेलं. शनिवारी संध्याकाळी तिथं आबाजी पखवाजी भजनाला बसतात. पूर्वी पंधरा-वीस माणूस जमायचं, गेल्या वर्षी चारच उरले होते. त्या दिवशी तर तीनच होते, टाळकरी एक लग्नाला गेलेला.

रामहरी समोरून आला. त्यानं गाडी चालूच ठेवली. रंगूबाई इंद्रजितच्या गाडीवरून उतरल्या, पिशवी घेतली, आणि रामहरीच्या गाडीकडं न जाता देवळाच्या पायऱ्या चढल्या.

"आई?" रामहरी म्हणाला.

"भजन व्हईस्तोवर बसती. थांबा दोघं."

"आगं, घरी जायचंय. सातला—" रामहरी तिथंच थांबला. सातला काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आता.

"मी जाऊ का मग?" इंद्रजितनं विचारलं.

"तू बी थांब. तेल कशाला जाळताय? बंद करा त्या गाड्या."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या फाट्यावर दोन्ही गाड्या एका वेळी बंद झाल्या. एकदम शांत झालं. उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायला अजून महिना होता, रस्ताही मोकळा होता. एक भाऊ देवळाच्या या अंगाला, एक त्या अंगाला.

आबाजींनी पखवाजाला कणीक लावता लावता वर पाहिलं. "या रंगूवैनी. कितीक दिसांनी. गळा हाय का अजून?"

"गळा हाय. सूर गेला आसंल तर मारुतीराया समजून घील."

"त्यो घील वो. आमच्याकडं टाळ वाजवायला मानूस न्हाय, त्याचं काय?" आबाजींनी बाहेर नजर टाकली. "ए इंदर! तितं काय राखन करतोस रस्त्याची? ये हिकडं. धर ह्ये."

इंद्रजितला नाही म्हणता आलं नाही. आबाजींना नाही म्हणायची त्या भागात पद्धत नाही, ते अप्पांच्या बरोबरीचे. त्यानं चपला काढल्या, टाळ घेतले. भजन सुरू झालं. रंगूबाईंनी उचललं. आवाज पहिल्या ओळीत थरथरला, दुसऱ्या ओळीला जागेवर आला.

इंद्रजितचा टाळ मात्र चुकत होता. दर चौथ्या फेऱ्याला तो अर्धी मात्रा मागं पडायचा. आबाजी डोळे मिटून सोसत होते. बाहेर रामहरी सोसू शकला नाही. लहानपणी आबाजींच्या हाताखाली तोच जास्त शिकला होता. तो आधी पायरीवर आला, मग खांबाशी, आणि शेवटी त्यानं टाळ मारायच्या जागी स्वतःच्या मांडीवर थाप मारून दाखवली.

"आरं, हितं. हितं! ऊस तोडतोयस का टाळ वाजवतोयस?"

"मग तू घे की!"

"दुसरी जोडी हाय का आबा?"

"हाय," आबाजी डोळे न उघडता म्हणाले. "कवाधरनं पडून हाय."

सहाला दहा मिनिटं कमी असताना रंगूबाईंच्या पिशवीतला फोन वाजला. प्राची होती. अभंग संपेपर्यंत तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. रंगूबाईंनी घेतला.

"आज्जी, दहा मिनिटं राहिलीत! काय टाकू? कळस का अंथुर्णे?"

दोघांचे टाळ हातातच थांबले. दोघांनाही ऐकू जात होतं, फोन स्पीकरवरच असायचा, रंगूबाईंना दुसरं बटण माहीत नव्हतं.

"काय बी टाकू नगं," रंगूबाई म्हणाल्या.

"आज्जी, खातं बंद होईल. बावीसच्या बावीस जातील. परत मिळायचे नाहीत."

"जाऊ द्यात. पाठ हायत मला."

"अगं पण शनिवारी बघणार काय सगळे?"

"आमी हितं हावत. फाट्यावर. तू बी यी पुढच्या येळंला, बारामतीच्या गाडीनं उतरायला सोपं हाय." आणि फोन ठेवून त्या आबाजींना म्हणाल्या, "चला, म्होरलं घ्या. जरा उंच घ्या, पोरं आल्यात."

सहा वाजले असतील त्या पुढच्या अभंगात. कुणी घड्याळ पाहिलं नाही. त्या घटकेला कुठल्याशा शहरात एक खातं बंद झालं आणि संतमहात्मे बावीस पडद्यांमागं गेले. फाट्यावर त्याचा आवाज आला नाही.

भजन उरकल्यावर रंगूबाई रामहरीच्या गाडीवर बसल्या, कारण महिना त्याचा होता. भावाभावांनी गळामिठी वगैरे काही मारली नाही. तसलं ते चित्रपटात. इंद्रजितनं गोळ्यांचं सांगितलं. रामहरी म्हणाला, "बरं." मग गाडीला किक मारायच्या आधी त्यानं विचारलं, "उसाला पानी पुरतंय का तुज्या?"

"आता पुरतंय. उन्हाळ्याचं म्हायती न्हाय."

"हं," रामहरी म्हणाला.

पुढच्या शनिवारी इंद्रजित रेश्माला घेऊन आला. जयवंता त्याच्या पुढच्या शनिवारी आली, डबा घेऊन, आणि डब्यातलं थालीपीठ जाड झालंय असं रेश्मानं म्हटल्यावर दोघींचं चांगलंच जुंपलं. आबाजी म्हणाले, पखवाजापेक्षा हे बरं वाजतंय. आता तिथं पुन्हा बारा-पंधरा माणूस जमतं. महिन्यातून एकदा कुणी बुवा मिळाले तर कीर्तन होतं. मीही जाऊन आलोय. जागा कमी आहे, पत्र्यामुळं गरम होतं, पण ऐकण्यासारखं आहे.

दिवाळीनंतर कंपनीचा निरोप आला होता. आता एका खात्यावर दुसरं घर जोडता येईल, थोडं जास्तीचं शुल्क भरून. प्राचीनं देवळाच्या पायरीवरच आजीला तो वाचून दाखवला. रंगूबाई तेव्हा इंद्रजितच्या टाळाकडं बघत होत्या. अजूनही तो कधीकधी मागं पडतो.

"शनवारी कुनाला येळ हाय बघायला?" त्या म्हणाल्या.

तर एवढीच गोष्ट. आता देवाचं नाव घेऊन उठायचं. पण माझं एक मागणं आहे, ते ऐकून उठा. झोपायच्या आधी हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर एकदा रंगूबाईंचीही आठवण काढा. नावापुढं गाव लावू नका. देवाला बरोबर सापडतील त्या.